मेमरी भरते ती लांबणीवर टाकलेल्या निर्णयांनी

छंद म्हणून मायक्रोकंट्रोलरवर काम करणाऱ्याला एक दिवस संगणक सांगतो की प्रोग्राम चिपमध्ये मावत नाही. मग सल्ला देणारे दोन गटांत विभागले जातात. पहिला गट म्हणतो, कशाला डोकं शिणवतोस, तेवढ्याच पैशात शंभर पट मेमरीची चिप मिळते, ती घे. दुसरा गट युक्त्यांची जंत्री हातात ठेवतो: सोळा बिटांऐवजी आठ बिटांचा व्हेरिएबल घे, स्ट्रिंग फ्लॅशमध्येच ठेव, अमुक लायब्ररी काढून तमुक टाक. दोन्ही सल्ल्यांनी अडलेली गाडी पुढे सरकते, यात वाद नाही. पण पहिल्याला हा प्रश्न पैशाचा वाटतो आणि दुसऱ्याला हातचलाखीचा. मेमरी भरली कशाने, हे दोघांपैकी कुणीच विचारत नाही.

माझं म्हणणं असं की छोट्या चिपची प्रोग्राम मेमरी बहुतेक वेळा कामाने भरत नाही, लांबणीवर टाकलेल्या निर्णयांनी भरते. कोणती पिन वापरायची, तापमान किती अंशांत दाखवायचं, पडद्यावर कोणते शब्द येणार, हे प्रोग्राम लिहिणाऱ्याला आधीच ठाऊक असतं. तरीही तो हे सगळं चिपला चालू असताना ठरवायला लावतो, आणि अडीनडीला लागेल म्हणून प्रत्येक शक्यतेची तयारी तिच्या पोटात भरतो. या तयारीला बाइट लागतात. मर्यादेतून वाट काढणं म्हणजे मुख्यतः यातले निर्णय शोधून काढून वेळेवर घेणं.

१. जागा कोण खातं?

आर्डुइनो ऊनोवरची एटीमेगा३२८पी ही एव्हीआर घराण्यातली चिप घेऊ. तिच्यात ३२ केबी फ्लॅश, २ केबी रॅम आणि १ केबी ईईप्रॉम आहे. बूटलोडर ५१२ बाइट घेतो, आपल्या हाती ३२,२५६ उरतात. आता एक एलईडी लुकलुकवण्याचा, सगळ्यांनी सुरुवातीला केलेला प्रोग्राम कंपाइल करा. तो नऊशे-हजार बाइटच्या आसपास जातो. एका दिव्यासाठी!

त्यातले १०४ बाइट इंटरप्टच्या तक्त्याचे आहेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. बाकी मजकूर उलगडून पाहिला की टायमरची मांडणी, वेळ मोजणारा इंटरप्ट, पीडब्ल्यूएमची आणि एडीसीची तयारी दिसते. दिव्याला यातलं बरंचसं लागत नाही. मग येतं ते डिजिटलराइट हे फंक्शन. पिनचा क्रमांक मिळाला की ते एका तक्त्यात पोर्ट शोधतं, दुसऱ्यात बिट, तिसऱ्यात त्या पिनला टायमर जोडलेला आहे का ते बघतं, असल्यास पीडब्ल्यूएम बंद करतं, इंटरप्ट थांबवतं आणि मग एक बिट बदलतं. पिन तेरा म्हणजे पोर्ट बीचा पाचवा बिट, हे छापील आकृतीत दिलेलं आहे आणि ते कधी बदलणार नाही. तोच बिट थेट चढवायचा ठरवला तर एव्हीआरची एक सूचना पुरते: एसबीआय (बँकेशी संबंध नाही), जागा दोन बाइट.

इथे घाईने आर्डुइनोला नावं ठेवू नयेत. २००५ मध्ये इटलीतल्या इव्रेआ गावी हा बोर्ड तयार झाला तो डिझाइनच्या विद्यार्थ्यांसाठी. पिनचा क्रमांक कुठेही, कसाही बदलता यावा ही त्यांची खरी गरज होती आणि तिच्यासाठी काही शे बाइट देणं हा शहाणपणाचा सौदा होता. हा सौदा त्यांनी समजून केला. आपण तो न वाचता पुढे चालवतो, एवढीच तक्रार आहे.

अंक छापणारं प्रिंटएफ हे याहून ठळक उदाहरण. ते फंक्शन म्हणून ओळखलं जात असलं तरी ‘टक्के-डी’सारख्या खुणांची एक छोटी भाषा चालू प्रोग्राममध्ये वाचणारा तो दुभाषी असतो. उद्या कोणती खूण येईल हे त्याला कळायला मार्ग नाही, म्हणून सगळ्या खुणांचं सामान त्याच्यासोबत येतं. एव्हीआरची सी लायब्ररी लिहिणाऱ्यांना याची जाणीव होती. त्यांनी तीन आवृत्त्या दिल्या: किमान, नेहमीची आणि दशांश छापणारी. नेहमीची आवृत्ती दशांश संख्येच्या जागी नुसतं प्रश्नचिन्ह छापते. ते पाहून नवशिक्या चक्रावतो आणि सेन्सर बिघडला असं समजतो. तो सेन्सर तपासत बसतो, आणि निवड मात्र लिंक करताना करायची राहिलेली असते.

२. एक सूत्र जवळून

एलएम३५ हा तापमानाचा साधा सेन्सर दर अंश सेल्सिअसला १० मिलिव्होल्ट देतो. सगळीकडे आढळणारं सूत्र असं: एडीसीचा, म्हणजे व्होल्टेज मोजणाऱ्या भागाचा, आकडा गुणिले ५.० भागिले १०२४ गुणिले १००. त्यातल्या ‘५.०’ मधल्या टिंबामुळे अख्खी दशांश गणिताची यंत्रणा आत येते. या आठ बिटांच्या चिपला दशांश गणिताचं हार्डवेअर नाही, सगळं सॉफ्टवेअरने करावं लागतं. त्याच घराण्यातल्या छोट्या एटीटाइनी८५ मध्ये तर साध्या गुणाकाराचीही सूचना नाही. बेरीज, गुणाकार, भागाकार यांना काही शे बाइट लागतात आणि दशांश छापण्याची सोय धरली की हिशेब हजारांत जातो. एटीटाइनी८५ कडे एकूण ८,१९२ बाइट आहेत.

आता तीन गोष्टी ठरवू. तापमान अंशाच्या दहाव्या भागात, पूर्णांकात ठेवायचं. संदर्भ व्होल्टेज पाचाऐवजी चिपच्या आतलं १.१ व्होल्टचं घ्यायचं. शून्याखालचं तापमान मोजायचं नाही. एक मिलिव्होल्ट म्हणजे अंशाचा दहावा भाग, म्हणून उत्तर आलं: आकडा गुणिले ११०० भागिले १०२४, म्हणजेच आकडा गुणिले २७५ भागिले २५६. पण १०२३ ला २७५ ने गुणलं की सोळा बिटांत मावत नाही. तेव्हा २७५ ची २५६ अधिक १९ अशी फोड करायची. मग सूत्र उरतं: आकडा, अधिक आकड्याच्या एकोणीस पटीचा २५६ वा भाग. मोठ्यात मोठा गुणाकार १९,४३७, सोळा बिटांत आरामात बसणारा. २५६ ने भागणं म्हणजे खालचा बाइट सोडून देणं, त्याला जवळपास काहीच लागत नाही. एडीसीने २५० दिले तर २५० अधिक १८, म्हणजे २६.८ अंश.

कुणी म्हणेल, दशांश गेले म्हणजे अचूकता गेली. ती मुळात होती का, ते बघा. आतला १.१ व्होल्टचा संदर्भ डेटाशीटप्रमाणे १.० ते १.२ पर्यंत कुठेही असू शकतो. सहा दशांश स्थळांचं गणित या दहा टक्क्यांच्या अनिश्चिततेवर केलं तरी पडद्यावरचे जादा आकडे खोटेच. खरी अचूकता हवी असेल तर आपल्या हातातल्या चिपचा संदर्भ एकदा मीटरने मोजायचा आणि १९ च्या जागी योग्य आकडा घालायचा. दशांश गणित आत असताना हे करायचं सुचतही नाही, कारण सूत्र आधीच बिनचूक दिसत असतं. पैज लावून सांगतो, एकोणीसवाल्या सूत्राचं तापमान त्या रुबाबदार सूत्रापेक्षा खऱ्याच्या जवळ निघेल, कारण ते लिहिणाऱ्याला चूक कुठून येते हे बघावंच लागलेलं असतं.

३. मराठी अक्षरांचा हिशेब

मराठी वाचकाला हा मुद्दा घरचा आहे. शेतातल्या मोटरवर लक्ष ठेवणारा छोटा डबा करायचा आहे आणि त्याचे संदेश मराठीतच हवेत, कारण वापरणाऱ्याला ते हवेत. चिप एटीटाइनी८५, पडदा १२८ बाय ६४ ठिपक्यांचा.

सरळ वाट अशी: देवनागरी फॉन्ट आणा, संदेश यूटीएफ-८ मध्ये लिहा, छापा. या संकेतनात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. ‘टाकी भरली’ यात आठ चिन्हं, म्हणजे चोवीस बाइट आणि मधल्या जागेचा एक, एकूण पंचवीस. हे फार नाही. खरी अडचण फॉन्टची. मूळ अक्षरं, अर्धी रूपं, जोडाक्षरं, मात्रा असे तीनशे आकार धरले आणि प्रत्येक १६ बाय १६ चा, म्हणजे ३२ बाइटचा, तर ९,६०० बाइट झाले. चिप त्याआधीच भरली. शिवाय ऱ्हस्व वेलांटी साठवताना व्यंजनानंतर येते पण काढायची आधी, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जातो, असे नियम पाळणारा कोड वेगळाच. भरीला रॅम: पडद्याचं पूर्ण चित्र ठेवायला १,०२४ बाइट लागतात, चिपकडे आहेत ५१२.

आता विचारा, या डब्याला मराठी यायला हवं का? त्याला ‘ज्ञानेश्वर’ लिहायचं नाही. त्याला मोटर, टाकी, वीज, फेज, चालू, बंद, भरली, रिकामी, नाही असे डझनभर शब्द लिहायचे आहेत. प्रत्येक शब्दाचं ४८ बाय १६ ठिपक्यांचं चित्र संगणकावर आधीच काढून ठेवलं तर ते ९६ बाइटचं होतं, बारा शब्दांचे ११५२. दहा अंकांचे आणखी १६०. ‘टाकी भरली’ हा संदेश आता दोन क्रमांकांचा, दोन बाइटचा. वेलांटी, रफार, जोडाक्षर हे प्रश्न संगणकावर सुटून आले. चित्र फ्लॅशमधून वाचून थेट पडद्याकडे पाठवलं की रॅमही लागत नाही. आणि अक्षरं देखणी येतात, कारण प्रत्येक शब्द हाताने नीट करता येतो. सोळा ठिपक्यांच्या उंचीत आपोआप जुळवलेल्या मात्रा कशा दिसतात, हे पाहिलेल्याला याची किंमत कळेल.

याचं मोल काय द्यावं लागलं? उद्या ‘रिकामी’ऐवजी ‘संपली’ हवं असेल तर नवं चित्र काढून चिप पुन्हा भरावी लागेल. हा तोटा खरा आहे. पण हा डबा कुंपणाशेजारी एकदा लागला की पाचेक वर्षं तिथेच राहणार, हे ठाऊक असताना शब्द बदलण्याची मोकळीक कुणासाठी जपायची?

४. वेळ देऊन जागा घेणं

काही ठिकाणी काम खरंच मोठं असतं, फाजील काही नसतं. तिथे वेगळा सौदा करावा लागतो. चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांच्या संगणकात ३६,८६४ शब्दांची कायम मेमरी होती, तारा ओवून विणलेली, आणि बदलता येणारी फक्त २,०४८ शब्दांची. दिशादर्शनाचं व्हेक्टर आणि मॅट्रिक्सचं गणित यंत्राच्या भाषेत लिहिलं असतं तर मावणं कठीण होतं. म्हणून एमआयटीच्या लोकांनी त्या संगणकावर एक कल्पित यंत्र उभं केलं. त्याच्या सूचनाच ‘दोन व्हेक्टरांची बेरीज कर’ अशा जाडजूड होत्या आणि एक दुभाषी प्रोग्राम त्या एकेक करून पार पाडायचा. काम सावकाश व्हायचं, पण कोड आखूड झाला. यान स्थिर ठेवणारा, वेळेला बांधलेला भाग मात्र मूळ भाषेतच राहिला. अ‍ॅपल टू साठी स्टीव्ह वॉझ्निअ‍ॅकने केलेलं स्वीट१६ त्याच जातीचं: आठ बिटांच्या प्रोसेसरवर सोळा बिटांचं कल्पित यंत्र, सुमारे तीनशे बाइटांत.

हे माझ्या मूळ मुद्द्यात बसतं का? वरवर पाहता नाही, कारण इथे दुभाषी काढला नाही, आणला. पण प्रिंटएफचा दुभाषी कुणाच्याही कामासाठी केलेला आहे आणि अपोलोचा एकाच कामासाठी. या प्रोग्रामला कोणत्या क्रिया लागतात हे आधी ठरलं, मग तेवढीच भाषा घडवली गेली.

१९८२ मध्ये डेव्हिड क्रेनने अटारी २६०० साठी केलेल्या पिटफॉल या खेळाचं मला जास्त कौतुक वाटतं. कार्ट्रिज चार केबीचं, खेळात जंगलाचे २५५ पडदे. पडद्यांचे तक्ते ठेवायला जागा नव्हती. क्रेनने एक बाइट घेतला, तो ठरावीक रीतीने सरकवून काही बिटांच्या मिश्रणाने पुढचा आकडा काढला, आणि त्याच आकड्याच्या बिटांवरून खड्डा कुठे, झाडं कशी, हे ठरवलं. उजवीकडे जाताना आकडा पुढे सरकतो, डावीकडे गेलं की उलट. शून्य सोडून २५५ किमती येतात, म्हणून पडदे तेवढेच. सुरुवातीचा आकडा कोणता घ्यायचा हे त्याने हाताने निवडलं, म्हणजे पहिले पडदे सोपे यावेत. २५५ वेळा ठरवण्याऐवजी त्याने एकदा नियम ठरवला.

५. दुसरीकडे हलवणं

हा भाग थोडक्यात उरकतो. २४सी२५६ ही ३२ केबीची ईईप्रॉम दोन तारांवर जोडता येते, पण तिच्यात माहिती ठेवता येते, कोड नाही. एव्हीआर फक्त स्वतःच्या फ्लॅशमधूनच प्रोग्राम चालवतो. बूटलोडर काढून टाकून प्रोग्रामरने थेट चिप भरली तर तेवढी जागा मोकळी होते. यूएसबीवरून भरल्या जाणाऱ्या डिजिस्पार्कसारख्या एटीटाइनी८५ बोर्डावर आठातले जेमतेम सहा केबी आपले असतात, तिथे हा फरक मोठा. अर्थात त्यासाठी ‘हा बोर्ड पुन्हा यूएसबीवरून भरायचा नाही’ असं ठरवावं लागतं.

‘मोठी चिप घ्या ना’

हा सगळ्यात वजनदार आक्षेप. २०२१ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय पिकोवर २ एमबी फ्लॅश आणि २६४ केबी रॅम चार डॉलरला मिळाली. छंदाच्या एका नगासाठी दोन रात्री घालवून दोनशे बाइट वाचवणं हा व्यवहार नाही, हे मला मान्य आहे.

पण दोन गोष्टी बघा. इएसपी३२ च्या नेहमीच्या बोर्डावर ४ एमबी फ्लॅश असते, ऊनोच्या १२८ पट. तिथेही वायफाय आणि ब्लूटूथ एकत्र घेणाऱ्यांना ‘प्रोग्राम मावत नाही’ हा निरोप येतच आला आहे. मर्यादा आहे १३,१०,७२० बाइट. चार एमबी असताना सव्वाच का? कारण मूळ मांडणीत प्रोग्रामच्या दोन प्रतींची जागा राखलेली असते, उद्या हवेतून नवा प्रोग्राम धाडायचा झाला तर. बहुतेकांना ते कधीच करायचं नसतं. मेनूतून दुसरी मांडणी निवडली की तीन एमबी मिळतात. चिप कितीही मोठी घ्या, न विचारलेला प्रश्न तिच्यातही जागा अडवून बसतो.

दुसरी गोष्ट, लहान मेमरी इतिहासजमा झालेली नाही, ती स्वस्ताईकडे सरकली आहे. पाडौकची पीएमएस१५०सी ही चिप तीन सेंटवाली म्हणून गाजली: प्रोग्रामला एक हजार चोवीस शब्द, तेही एकदाच लिहिता येणारे, आणि रॅम ६४ बाइट. रिस्क-व्ही घराण्यातली सीएच३२व्ही००३ सुमारे दहा सेंटला १६ केबी फ्लॅश देते. लाखो नग काढणारा कारखानदार आजही हीच मापं बघतो.

‘हे काम कंपायलरचं’

कंपायलर पुष्कळ करतो. न वापरलेली फंक्शनं लिंकर गाळतो, सगळ्या फाइली एकत्र पाहून कोड आवळतो. पण तो जे गाळतो ते प्रोग्रामच्या मजकुरावरून सिद्ध होणारं असतं. पुण्यातल्या घरात तापमान शून्याखाली जाणार नाही, टाकीच्या डब्याला बाराच शब्द लागतात, संदर्भ व्होल्टेज दहा टक्के हललेलं असू शकतं, ही माहिती मजकुरात नसते. ती जगाबद्दलची आहे आणि लिहिणाऱ्यालाच असते. ती सांगितली नाही तर कंपायलर निमूटपणे ऋण तापमानाचीही तजवीज करतो.

‘उद्या हे वाचणार कोण?’

संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ यांनी १९७४ मध्ये अकाली काटकसरीविरुद्ध दिलेला इशारा इथे नेहमी पुढे केला जातो. इशारा रास्त आहे, पण वेग आणि जागा यांत फरक आहे. वेग हळूहळू कमी होतो, जागा कड्यासारखी संपते: ८,१९२ बाइट मावतात, ८,१९३ मावत नाहीत. प्रोग्राम मावलाच नाही तर काटकसरीला अकाली कसं म्हणायचं? शिवाय कुठे किती बाइट गेले याचा अंदाज बांधावा लागत नाही. कोणतं फंक्शन किती मोठं, याची उतरती यादी एव्हीआर-एनएम हे साधन देतं. यादी न बघता इकडचं-तिकडचं कुरतडणारे पाहिले की मात्र क्नुथ यांची आठवण येते.

वाचनीयतेबद्दल म्हणायचं तर, सूत्रात नुसता १९ दिसला तर पुढचा माणूस गोंधळेल, हे खरं. पण शेजारी तीन ओळींची टीप लिहा: संदर्भ किती, फोड का केली, चिप बदलली तर काय बदलायचं. टिपा फ्लॅशमध्ये एकही बाइट घेत नाहीत. सूचनेच्या मध्यावर उडी मारून तिचाच वेगळा अर्थ काढणं, एकच जागा तीन कामांना वापरणं, असल्या करामतींची वकिली मी करत नाही. त्यात ठरवलेलं काही नसतं, फक्त लपवलेलं असतं, आणि सहा महिन्यांनी ते लिहिणाऱ्यालाही उमगत नाही.

हा युक्तिवाद कुठे थांबतो

काही अनिश्चितता खरीखुरी असते. इंटरनेटवर सुरक्षित जोडणी करायची तर समोरचा सर्व्हर कोणती पद्धत मागेल हे आपल्या हातात नसतं. तिथे अनेक शक्यतांचा कोड बाळगावाच लागतो आणि आठ केबीशी झटणं वेडेपणा आहे. उपकरण नेमकं काय करणार हेच अजून ठरत नसेल तर मोठी चिप हेच बरोबर उत्तर. शिकाऊ माणसाने पहिल्या आठवड्यात पोर्ट बी आणि बिट पाच यांत अडकू नये, हेही बरोबर.

पण पहिल्या आठवड्यानंतर काय? आपल्या डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगच्या अभ्यासक्रमांत ८०५१ वर्षानुवर्षं ठाण मांडून आहे. १९८० चा हा मायक्रोकंट्रोलर, मूळ रूपात ४ केबी रॉम आणि १२८ बाइट रॅम. मेमरीची मर्यादा शिकवायला याहून चांगलं साधन नाही, आणि तरी ती शिकवली जात नाही, कारण प्रयोग असतात एलईडी, सेव्हन सेगमेंट, स्टेपर मोटर असे, शे-दोनशे बाइटांत आटपणारे. भिंतीला कुणाचा हातच लागत नाही. उलटा प्रयोग करून बघावा. आर्डुइनोवर चालणारा तापमानदर्शक विद्यार्थ्याला द्यायचा आणि तो १ केबीच्या एटीटाइनी१३ मध्ये बसवायला सांगायचा. मार्क वाचलेल्या बाइटांना नाहीत; कोणता बाइट कोणती गोष्ट ठरवल्यामुळे वाचला, ते लिहिलेल्या यादीला. तोंडी परीक्षेत परीक्षकाने त्यातली एक ओळ निवडावी आणि विचारावं, हे गृहीत चुकलं तर तुझा तापमानदर्शक काय दाखवेल?